आवरलेले हात

भोर, ५ जुलै १९४२

पारू,

काल बाजारात तुझ्या वाडीकडचा सावळा धनगर भेटला. लोण्याचं गाडगं माझ्यापुढे ठेवत अगदी सहज म्हणाला, "आक्का, पारूबाईला सहावा लागला की." मला सगळं ठाऊक असल्यासारखी मी मान हलवली आणि लोणी घेतलं. घरी आल्यावर मात्र हातातली पिशवी तशीच धरून कितीतरी वेळ उंबऱ्यात उभी होते.

चार वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस. का रुसलीस ते मला आजवर समजलेलं नाही. पण एवढी गोष्ट मला धनगराकडून कळावी?

असो. आता रुसव्याला वेळ नाही. नीट वाच आणि सांगते तसं कर.

गेनू जानेवारीत रजेवर आला होता, त्यावरून मी दिवस मोजले. दसऱ्याच्या मागेपुढे तू मोकळी होशील. तोवर वाडीवर थांबायचं नाही. चार दिवस उघडीप मिळाली की डोली करून वेल्ह्याला उतर. तिथून पुढे मी बैलगाडी ठरवते. नसरापुरावरून कापूरहोळ, तिथून मोटारीने भोर. मोटारी हल्ली कोळशाच्या गॅसवर चालतात, धक्के बसतात, म्हणून पुढच्या बाकावर बस. माझ्या खोलीतली खाट मोकळी केली आहे.

सावळ्याबरोबर गाठोडं पाठवते. त्यात उकळून वाळवलेली फडकी आहेत, साबण आहे, रक्त वाढायच्या गोळ्या आहेत. त्या जेवणानंतर दोनदा घ्यायच्या. पाणी उकळून प्यायचं. पायांना सूज आहे का, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, हे सावळ्याकडून लगेच कळव.

तुझ्या सासूबाईंवर माझा राग नाही. पण धोंडाबाईंनी वाडीतली बाळंतपणं कशी केली ते मला माहीत आहे. विळ्याने नाळ कापायची आणि वर चुलीतली राख लावायची. मी पुण्याला दोन वर्षं सुईणीचं शिक्षण घेतलं ते काय तुला त्यांच्या विळ्यावर सोडण्यासाठी?

मानमोडीच्या साथीत आई-बाबा एका आठवड्यात गेले तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. मी तेरा वर्षांची, कपाळ पांढरं झालेली. तुला पाठीशी बांधून मी डॉक्टरसाहेबांच्या घरी भांडी घासली, तिथूनच शिकायला गेले. तुला चौथीपर्यंत शाळेत घातलं. गेनूचं स्थळ मीच शोधलं. तुझं भलं कशात आहे ते मला कळत नाही असं तुला वाटतं का?

मागच्या वेळचं मनात आणू नकोस. नाळ गळ्याभोवती गुंडाळलेली होती, त्याला कुणी काय करणार. दर वेळी तसं होत नाही.

या महिन्याच्या आत ये.

तुझी बाळाक्का


भोर, २२ जुलै १९४२

पारू,

गाठोडं परत आलं. गाठसुद्धा सोडलेली नव्हती.

सावळ्याला मी खोदून खोदून विचारलं. तो बिचारा खाली बघत म्हणाला, "म्या म्हनलं, आक्कानं धाडलंय. त्यावर त्या म्हनल्या, जिथनं आणलंस तिथं दे. दुसरं कायबी बोलल्या न्हाईत." पायांना सूज आहे का, तर त्याने पाय बघितले नाहीत. तोंड कसं दिसतंय, तर म्हणाला, हाय तसंच. पुरुषमाणसाला विचारण्यात अर्थ नाही.

तू लहानपणी औषध तोंडात धरून ठेवायचीस आणि मी पाठ वळवली की चुलीमागे थुंकायचीस. तेच हे. तेव्हा मी नाक दाबून पाजत होते. आता तू सव्वीस वर्षांची आहेस आणि मध्ये डोंगर आहे, म्हणून मी गप्प बसेन असं समजू नकोस.

मी गेनूला पलटणीच्या पत्त्यावर लिहिलं आहे. त्याला स्पष्ट लिहिलं की बायकोला हुकूम कर. तो तिकडे वाळवंटात, त्याचं पत्र तुला तीन-तीन महिने येत नाही, इथे काय चाललंय ते त्याला कसं कळणार? कुणीतरी घरचं बघायला नको का?

गाठोडं पुन्हा पाठवते आहे. गोळ्या नको असतील तर गोळ्या राहू देत, पण फडकी ठेवून घे.

बाळाक्का


भोर, २० ऑगस्ट १९४२

पारू,

टपालाचा काही भरवसा राहिला नाही. पुण्याला गोळीबार झाला म्हणतात, तारा तोडल्या आहेत, गाड्या कधी सुटतात कधी नाही. इथे संस्थानात अजून शांत आहे, पण लोक हळू आवाजात बोलतात. मुंबईहून औषधांची पेटी यायची ती आलेली नाही. हिवतापाचं कोयनेल संपत आलं आहे. म्हणून हेही पत्र सावळ्याकडेच देते.

गाठोडं या वेळी परत आलं नाही. तू ठेवून घेतलंस की सावळ्याने वाटेत कुणाला देऊन टाकलं, हे मी त्याला विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

परवा एक गोष्ट झाली, ती तुला सांगते. सांगू नये असं वाटतं, तरी सांगते. तांबट आळीतली साळूबाई पहिल्या खेपेची बाळंतीण होती. दोन दिवस झाले, कळा मंदावल्या. डॉक्टरसाहेबांनी तपासलं आणि म्हणाले, आता वाट पूर्ण मोकळी आहे, बाळाबाई, कळा वाढवायची सुई भरा. मी कपाट उघडलं. काचेची कुपी हातात घेतली आणि ती सुटून फरशीवर पडली, फुटली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, ताप आहे अंगात. त्यांनी दुसरी कुपी घेऊन स्वतः सुई दिली. अर्ध्या तासात मुलगा झाला, चांगला रडला. मी तोवर बाहेर विहिरीपाशी उभी होते.

चार वर्षांत त्या सुईला मी हात लावलेला नाही. दर वेळी काहीतरी कारण काढलं. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पण मला वाटतं पारू, तुझ्या लक्षात आलं असतं.

वयाचं काहीतरी असेल. मी सदतिसाची झाले.

तू येत नाहीस तर मीच येते. नदीचं पाणी उतरलं की निघते. दोन भोई आणि डोली बरोबर आणते. तुला घेऊनच परत फिरेन.

बाळाक्का


भोर, ९ सप्टेंबर १९४२

पारू,

तुझ्या दारातून परतून आज चार दिवस झाले. पाय सुजले आहेत, पण ते लिहायला बसले नाही.

तुझ्याकडे येताना वाटेत मी तुला काय काय बोलायचं ते जुळवत होते. वेल्ह्यातून पुढे चिखलाने भोई कुरकुरले तर त्यांना दटावलं. वाडी दिसली तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं. तू गोठ्यापुढे शेणाचं टोपलं घेऊन उभी होतीस. पोट बघितल्यावर लगेच मी बघितले ते तुझे पाय. सूज नव्हती. मग तुझ्या तोंडाकडे बघितलं.

तू टोपलं खाली ठेवलंस, हात धुतलेस. भोयांना पाणी दिलंस. मग माझ्यासमोर उभी राहून म्हणालीस, "आक्का, एकच सांग. त्या दिवशी मला काय टोचलं व्हतंस?"

मी म्हणाले, "ताकदीचं होतं. तू दमली होतीस म्हणून."

तू म्हणालीस, "सुई टोचली आन् माझ्या पोटाचा दगुड झाला. त्यो दगुड सुटलाच न्हाई. आत बाळ फडफडलं आन् मग हाललं न्हाई. मला कळत न्हवतं व्हय? पोट माझं व्हतं."

तू थोडा वेळ थांबलीस. मी बोलेन म्हणून थांबलीस, हे मला आता कळतं. मग म्हणालीस, "मग जा."

तू घरात गेलीस. धोंडाबाईंनी मला पडवीत बसवून नाचणीची भाकरी आणि ताक दिलं. मी खाल्लं नाही. त्या रागावल्या नाहीत. मी त्यांना सगळं बजावून सांगू लागले, विळा उकळा, राख लावू नका, अमुक झालं तर तमुक करा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. विळा उकळायचं कबूल केलं. मग म्हणाल्या, "बाई, तुमी शिकल्याली मानसं, तुमचं खरं असंल. पर कळा तिच्या हायती. आपन निस्तं बसून ऱ्हायाचं. म्या तीन-तीन दिस बसली हाय. बसनं लई अवघड."

त्या वेळी मला त्यांचा राग आला. रिकामी डोली घेऊन खिंड चढताना तो राग कुठे गेला कळलं नाही.

आता सांगते. तोंडाने सांगता आलं नाही म्हणून लिहिते.

त्या दिवशी तू माझ्या खोलीत खाटेवर होतीस. आदल्या सकाळपासून कळा येत होत्या आणि मधेच मंदावत होत्या. डॉक्टरसाहेब खेड्यांच्या दौऱ्यावर होते, संध्याकाळी यायचे होते. मी पोटाला कर्णा लावून बाळाचे ठोके पुन्हा पुन्हा मोजत होते. ते चांगले होते. हे नीट वाच, पारू. ठोके चांगले होते. तुझ्यात ताकद होती. काहीच बिघडलेलं नव्हतं, फक्त वेळ लागत होता. पहिलटकरणीला लागतो. दुसरी कुणी असती तर मी तिला हेच सांगितलं असतं.

पण तू होतीस. तू कण्हलीस की मी उठून उभी राहायचे. तुला काही झालं तर, हा एकच विचार. बसून राहणं मला सोसेना. काहीतरी केलं पाहिजे असं वाटू लागलं, आणि कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती. कळा वाढवायची ती सुई वाट पूर्ण उघडल्याशिवाय द्यायची नाही, हे आम्हाला पुण्याला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. वाट उघडलेली नव्हती. मी तपासून बघितलं होतं, मला माहीत होतं. तरी दिली.

पुढचं तू मला सांगितलंसच. एकच कळ आली आणि ती सुटली नाही. मी कर्णा लावून ऐकत होते. ठोके मंद होत गेले आणि थांबले, ते सगळं मी ऐकलं. दुपारचा एक वाजला होता.

नाळ गळ्याभोवती नव्हती. ते मी साहेब आल्यावर त्यांना सांगितलं, तुला सांगितलं, गेनूला सांगितलं, आणि इतक्यांदा सांगितलं की मलाही अधूनमधून खरं वाटायचं. तू का रुसलीस ते मला समजत नाही असं मी जुलैत लिहिलं. तेही खोटं. मला पहिल्या दिवसापासून समजत होतं.

मुलगा होता. त्याच्या डोक्यावर खूप केस होते. तुला बघू दिला नाही, तुला त्रास होईल म्हणून. तेही मीच ठरवलं.

काल मी डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी लिहीत असलेली वही मिटली. मग म्हणाले, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी कपाटाची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलून घेतली. काढून टाकलं नाही मला, पण त्यांची नजर बदलली आहे, आणि ते बरोबर आहे.

तू क्षमा कर असं लिहिणार नाही. तो तुझ्यावर आणखी एक हुकूम होईल. मी आपणहून येणार नाही. बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तरी तुझी तू आहेस.

बाळाक्का


भोर, २१ ऑक्टोबर १९४२

पारू,

आज दुपारी सावळा आला. काल सकाळी तो वाडीतून निघाला तेव्हा तुला कळा सुरू झाल्या होत्या. तू स्वतः चुलीवर पाणी ठेवत होतीस, असं म्हणाला. म्हणजे दीड दिवस होऊन गेला. आता तिथे जे काही आहे ते झालेलं आहे किंवा होत आहे. मला काही कळायला अजून तीन-चार दिवस लागतील.

त्याला मी विचारलं, मला काही निरोप आहे का. नव्हता.

निघाले असते तर उद्या संध्याकाळी पोचले असते. पायताण घालून दारापर्यंत गेले होते. खोटं कशाला बोलू. पिशवीही भरली होती. मग पायताण काढलं आणि दवाखान्यात गेले. कुंभारांची बयाबाई आली होती, तिसरी खेप, घाई नव्हती. मी भिंतीला पाठ लावून बसले. हातांना काम हवं म्हणून सुपात तांदूळ घेतले आणि निवडत राहिले. ती कण्हली की तिच्याकडे बघायचं, पाणी मागितलं तर द्यायचं. एवढंच. सतरा वर्षं हे काम करते आहे, पण असं कधी बसले नव्हते. बायका किती वेगवेगळ्या तऱ्हेने कण्हतात, ते मी कधी ऐकलंच नव्हतं. मी घड्याळ ऐकत असे.

धोंडाबाईही या घटकेला अशाच बसल्या असतील. त्यांनी विळा उकळला का, हा विचार येतो. येतो आणि त्याला धरून ठेवायला माझ्याकडे काही नाही. तू जगशील की नाही ते मला माहीत नाही. बाळ जगेल की नाही ते माहीत नाही. माझ्या न येण्याने काही बिघडलं तर ते मी कसं सोसेन, तेही माहीत नाही. मी आले असते तर बिघडलं नसतं असंही नाही. हे लिहिताना रडू येतं, पण छातीवरची ती जुनी घट्ट पकड आज नाही. फक्त दुःख आहे. त्याच्याशी बसता येतं.

२६ ऑक्टोबर

सावळा आज मुद्दाम वाट वाकडी करून आला. मुलगी झाली. तू बरी आहेस. तीन दिवस अडली होतीस, पण आपोआप मोकळी झालीस.

मी त्याला दोन भाकऱ्या वाढल्या. तो जेवून उठताना म्हणाला, "आक्का, माघारी काय सांगू?" माझ्या तोंडाशी कितीतरी आलं. बाळंतिणीला काय द्यायचं, मुलीला ऊन कधी दाखवायचं, डोळ्यांत काजळ घालू नका. मी म्हणाले, "ऐकून बरं वाटलं म्हणून सांग." तो दारात थोडा थांबला, अजून काही आहे का म्हणून. नव्हतं.

हे पत्र त्याच्याकडे देत नाही. पुढच्या बाजाराला देईन, किंवा नाही देणार.

बाळाक्का


भोर, १४ मार्च १९४३

पारू,

तुझ्याकडून आल्याला आठवडा झाला. तिथे फारसं बोलले नाही, म्हणून लिहिते.

गेनूचं उत्तर मार्गशीर्षात आलं होतं, ते मी तसंच तुझ्याकडे पाठवलं होतं. मी त्याला बायकोला हुकूम कर म्हणून लिहिलं होतं आणि त्याने कुणाकडून तरी तीन ओळी लिहवून घेतल्या होत्या, की पारूच्या मनाला येईल तसं होऊ द्या, तुम्ही काळजी करू नका, इकडे थंडी फार आहे. मला लाज वाटली होती. पुढे त्याला 'गेनू, तुझं बरोबर होतं' असं लिहायचं होतं. ते राहून गेलं.

फेब्रुवारीच्या अखेरीला सावळा दवाखान्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला. बरोबर लोणी नव्हतं. म्हणाला, "आक्का, पारूबाईनं बोलावलंय." मी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "पलटणीचा कागद आला. गेनूदादा तापानं गेला, तकडंच."

मी निघाले. वाटभर माझं डोकं जुन्या सवयीने चालू झालं. खिंडीपर्यंत पोचेतो सगळं ठरलं होतं. तुला भोरला आणायचं, डॉक्टरसाहेबांकडे शब्द टाकून पुण्याला शिकायला पाठवायचं, मुलीला मी सांभाळायचं, मोठी झाली की शाळा. चांगला बेत होता. आजही मला त्यात खोट दिसत नाही.

तू मधल्या खोलीत भिंतीशी बसली होतीस. कपाळ पुसलेलं. मी तेराव्या वर्षी तशी बसले होते, तेव्हा आईने मला काय सांगितलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. तिने काही सांगितलं नव्हतं. नुसती बसली होती. मीही तुझ्याशेजारी बसले. धोंडाबाईंचा मुलगा गेला होता, तरी त्यांनी उठून मला पाणी दिलं. त्यांचा हात धरून मी त्यांना खाली बसवलं आणि चूल मी पेटवली.

पाच दिवस आपण कामापुरतं बोललो. सहाव्या दिवशी जात्यावर बसलो होतो. तू खुंटा सोडलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आक्का, आता पुढं काय करू?"

पारू, आयुष्यात तू मला पहिल्यांदाच असं विचारलं होतंस. एरवी तू विचारायच्या आधीच मी सांगून मोकळी व्हायचे. सगळा बेत माझ्या जिभेवर होता. आणि मला दिसलं की तू इतकी दमली आहेस की मी जे म्हणेन ते तू करशील. चार वर्षांपूर्वी खाटेवरही तू अशीच माझ्याकडे बघत होतीस.

मी म्हणाले, "मला ठाऊक नाही गं."

तेव्हा तू रडलीस. गेनू गेल्याचं कळल्यापासून तू रडली नव्हतीस, असं धोंडाबाई मागून म्हणाल्या. तुझं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि पिठाने माखलेले माझे हात कुठे ठेवावेत ते मला कळत नव्हतं. मग रडणं ओसरल्यावर तू सरळ बसलीस आणि म्हणालीस, "त्या बाळाचं मी इसरनार न्हाई, आक्का."

मी म्हणाले, "विसरू नकोस."

"त्याच्या डोक्यावर केस व्हते, त्ये तू लिवलंस. त्ये मला पायजे व्हतं." एवढं बोलून तू पुन्हा खुंट्याला हात घातलास आणि मीही घातला. राहिलेली नाचणी आपण दळली.

माझा बेत अजून माझ्याजवळ आहे. तू कधी विचारलंस तर सांगेन. तू वाडीवरच राहायचं ठरवलंस, धोंडाबाईंबरोबर, तर मी बाजारच्या दिवशी सावळ्याची वाट बघेन आणि तू बरी आहेस हे ऐकून घरी येईन. ठरवायला वेळ घे. वेळ लागतो.

निघायच्या दिवशी सकाळी तू खाचरात जायला निघालीस. धोंडाबाई पाण्याला गेल्या होत्या. तू दारात थांबलीस, मागे आलीस आणि लेकीला, येसूला, माझ्या मांडीवर ठेवलंस. कशी धरायची, कधी पाजून झालंय, काहीच सांगितलं नाहीस. गेलीस.

साडेचार महिन्यांची होती ती. तोवर मी तिला हात लावलेला नव्हता. झोपली होती. डोक्यावरची कुंची सरकून एका कानावर आली होती आणि एक पाय फडक्यातून बाहेर आला होता. बाहेर उघडं ऊन होतं, वाऱ्याने गोठ्यातला पेंढा हलत होता. माझ्या हाताला सवयीने कुंची नीट करायची होती, पाय आत घ्यायचा होता. तिला थंडी वाजत नव्हती. तिला काहीच होत नव्हतं.

मी हात खाली टेकवले. तू खाचरातून परत येईपर्यंत तशीच बसून राहिले. ती झोपली होती.

बाळाक्का